पहिले हजार किलोमीटर

नव्या गाडीची डिलिव्हरी घेऊन, बॉनेटवरची रिबनही न काढता थोरला थेट शंभर किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात आला, तेव्हा आईला आभाळ ठेंगणं झालं. पुढचे रविवारही त्यानं चुकवले नाहीत. तिला फिरवताना तो साठच्या वर जायचा नाही. “माझ्या हाडांची किती काळजी पोराला!” असं ती खोलीतल्या बायकांना सांगत सुटली.

पाचव्या रविवारी तिला फाटकाशी उतरवताना त्यानं मीटरकडे पाहिलं. “झाले बघ हजार! तोवर लांबच्या रस्त्यावर हळूच चालवा, म्हणजे इंजिन सेट होतं, असं शोरूमवाल्यानं बजावलं होतं. सुटलो एकदाचा!”



आईनं गाडीचं दार काही सोडलं नाही. “धाकटा कधी घेतोय रे नवी गाडी?”