उंबऱ्यावरचा उखाणा

मृदुलाच्या पायाशी उंबऱ्यावर तांदळाचं माप होतं आणि नवऱ्याच्या आत्याबाईंनी दार अडवलं होतं. "लग्नात जिलबी कमी पाडलीत. निदान उखाणा तरी पोटभर होऊ दे."

ओशाळलेले बाबा मृदुलाच्या डोळ्यांपुढे आले. निघताना आईनं बजावलं होतं, जिभेला आवर घाल. पण आत्याबाईंच्या पिशवीतून पाक ठिबकत होता.

"जिलबी गेली डब्यात, पंगत राहिली उपाशी,
निरंजनरावांचं नाव घेते आत्याबाईंच्या पिशवीपाशी."

कुणी हसलं नाही. नवऱ्यानं मान खाली घातली. सासूबाईंनी हातातलं ओवाळणीचं ताट सावरलं.

"आमच्या घरात वन्संपुढे असं कुणी बोलत नाही," त्या म्हणाल्या. मग ताटासकट पुढे होऊन त्यांनी वन्संना बाजूला सारलं. "मीसुद्धा कधी बोलले नाही. ये बाई, ओलांड माप."