पलीकडचं तिकीट

नेव्हिल क्विल्टीने शिक्का इतक्या जोरात आपटला की मरीनबाईंनी हात मागे ओढला.

"अरे, मनगट आहे माझं, पार्सल नाही!"

"जा, तुम्हीही जा," नेव्हिल म्हणाला. "परत आलात तर शाई दाखवा, पुन्हा तिकीट लागणार नाही. लाज वाटली तर येऊ नका."

मरीनबाई रस्ता ओलांडून पलीकडच्या मैदानात शिरल्या. त्या काही पहिल्या नव्हत्या. दुपारपासून हेच चाललं होतं. माणसं तिकीट काढून आत यायची, एखादा मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेली गरम पेस्ट्री, खायची, बोटं चाटायची आणि शिक्का मारून घ्यायला फाटकाशी हजर. नेव्हिलचं डोकं नुसतं भणभणत होतं.

बुलंगा या ऑस्ट्रेलियातल्या गावात फुटबॉल दोन. अलीकडे ऑस्ट्रेलियन रूल्सचा, चार खांबांचा, नेव्हिलचा. पलीकडे रग्बी लीगचा, दोन खांबांचा. हे त्यांना डोकेफोडे म्हणतात, ते यांना बेडूकउड्यावाले. अंतिम सामन्याला ज्यांची तिकिटं जास्त खपतील त्यांचा झेंडा वर्षभर पबमध्ये बिअरच्या नळांवर लटकतो. खेळाडूंच्या घरच्यांना दोन्हीकडे फुकट, म्हणून त्यांना मोजत नाहीत. बाकी एकेक डोकं मोजतात. त्या फडक्यापायी इथे सख्खे भाऊ ख्रिसमसला एका टेबलावर बसत नाहीत! आणि यंदा लीगच्या कमिटीने काय करावं? आपले अंतिम सामने नेमके याच शनिवारी ठेवले. शुद्ध आगाऊपणा. अलीकडच्या शहाण्यांनीही तारीख हलवली नाही. गावाने काय स्वतःचे दोन तुकडे करून घ्यायचे होते?

सकाळी टेगन आली होती, नेव्हिलची नात. अंगात लीगची जर्सी, हातात बूट. बुलंगाच्या मुली पहिल्यांदाच अंतिम सामना खेळणार होत्या.

"आजोबा, तीनला आहे आमचा. याल ना?"

नेव्हिलने मान वर केली नाही. या पोरीला चालता येऊ लागलं तेव्हापासून मेंढ्यांच्या कुरणात चेंडू मारायला त्यानेच शिकवलं होतं. आणि ही बया मोठी झाली आणि खुशाल पलीकडे गेली!

"तिकीटही लागणार नाही," ती म्हणाली. "घरच्यांना मोजत नाहीत. त्यांची गर्दी तुमच्यामुळे वाढायची नाही."

"फुकट सोड, उलटे पैसे दिले तरी येणार नाही. मेलो तरी नाही."

टेगनने बूट खांद्यावर टाकले. मग रस्ता ओलांडून गेली.

आता तीन वाजून गेले होते. कुंपणाला नाक लावून गाड्यांची रांग उभी होती, चांगली जागा मिळावी म्हणून लोकांनी कालच आणून ठेवलेली. गोल झाला की या सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजतात, पार नदीपर्यंत ऐकू जातात. नेव्हिलच्या संघातल्या पोरांनी एक देखणा गोल केला. हॉर्न वाजला एकच. तोही गाडीतल्या कुत्र्याने स्टिअरिंगवर पाय ठेवला म्हणून.

"फितूर लेकाचे!" नेव्हिल गरजला. "जन्मभर इथे मीट-पाय खाल्ले, आणि आज तिकडे!"

तेवढ्यात डेस लाफर्टी आला. डेस म्हणजे गावाचा खाटीक आणि नेव्हिलचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने मनगट पुढे केलं.

"तूसुद्धा?" नेव्हिलचा आवाज चिरकला. "डेस, तूसुद्धा लीगवाला झालास?"

"लीग गेली खड्ड्यात," डेस भडकला. "त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. गाव तिकडे काय लीग बघायला गेलंय? तुझ्या टेगनला बघायला गेलंय! कुणाला वाईट वाटायला नको म्हणून आधी तुझ्याकडे तिकीट काढलं, मग तिकडे काढलं. सगळ्यांनी, मीही, अगदी पाद्रीबाबांनीसुद्धा. आता दोन्हीकडची तिकिटं अगदी सारखी, यंदा झेंडा कुणाचाच नाही. तिच्या किकला सगळं गाव उभं राहतं, आणि ती आधी या फाटकाकडे बघते. ही किक जी शिकली तिला सगळ्यांनी बघावं, आणि ज्याने शिकवली तो इथे शिक्के आपटत बसलाय. अरे, माणूस आहेस की कोण?"

पलीकडे हजारभर गळे एकदम ओरडले आणि तितक्याच एकदम गप्प झाले.

"दे तो शिक्का इकडे," डेस म्हणाला. "फाटक मी सांभाळतो. चालता हो."

नेव्हिलने शिक्का टेबलावर टाकला आणि रस्ता ओलांडला. म्हाताऱ्याला इतक्या झपाझप चालताना गावाने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आज पाहायलाही रस्त्यावर कुणी नव्हतं.

लीगच्या फाटकावर शोना बसली होती, त्याची मुलगी, टेगनची आई. बापाला बघून ती उठूनच उभी राहिली.

"बाबा, आत व्हा लवकर! तिने किकसाठी चेंडू ठेवलाय."

"एक तिकीट."

"अहो, घरच्यांना कसलं तिकीट? तुम्हाला मोजायचं नसतं. जा, जा ना!"

नेव्हिल हलला नाही. चेहरा अजून रागाने लाल होता, आणि राग आता कुणावर होता ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याने खिशातली नोट काढून टेबलावर आपटली.

"फाड तिकीट," तो ओरडला. "मोज मला!"