वजन कुणाचं धरायचं?

"तीनशे सीसीचीच काढा," मी ट्रायल्सच्या, म्हणजे खडकांवर चढवायच्या मोटारसायकली विकणाऱ्या दुकानदाराला ठणकावलं. "माझं वजन ब्याण्णव किलो. एकशे पंचवीसचं इंजिन मला घेऊन खडक चढेल होय?"

"नाही चढणार. पण ट्रायल्सची गाडी खडकावर सारखी पडते. म्हणून आमच्याकडं गिऱ्हाइकानं आधी आडवी गाडी एकट्यानं उचलून दाखवायची."

त्यानं दोन्ही गाड्या अंगणात आडव्या केल्या. तीनशेची मी उचलली खरी, पण कमरेतून असा कडकन आवाज निघाला की समोरचा चहावाला वळून बघायला लागला.

माझ्याबरोबर आलेल्या बायकोनं ओढणी कमरेला बांधली आणि एकशे पंचवीसची अलगद उभी केली.

"हीच द्या."

"अगं, ही मला ओढणार नाही!"

"मला ओढेल की. दोन्हींवर मागं बसायची सोय नाही, आल्या आल्याच बघितलंय मी. तुम्ही डोंगरात हिंडणार आणि मी घरी बसू होय?" तिनं हँडल घट्ट धरलं. "रविवारी मी चालवते. तुम्ही या मागनं चालत. तेवढंच वजन उतरेल."