कॅमेऱ्यासमोरची माफी

तिने लेखात लिहिलं, एका औषध कंपनीच्या थेंबांनी मधुमेह बरा होत नाही. अब्रुनुकसानीचा दावा झाला. तडजोड ठरली: लेख खोटा होता, अशी कॅमेऱ्यासमोर माफी. कंपनीच्या वकिलाने थेंबांची बाटली मांडली, लेबल कॅमेऱ्याकडे वळवलं. तिची बाजू लढवणारा भाऊ पुटपुटला, “ताई, एक वाक्य वाच आणि घरी चल. खटला हरलो तर घरच राहणार नाही.” तिने माफीनामा उचलला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. तेवढ्यात कॅमेरामनने विचारलं, “मॅडम, म्हणजे थेंब लागू पडतात ना? आईचं इन्सुलिन आजपासून बंद केलंय.” भावाने डोळे मिटले. तिने माफीनामा बाटलीखाली सरकवला. “आईला इन्सुलिन आत्ता घ्यायला सांगा. थेंबांनी साखर उतरत नाही.” “कॅमेरा बंद,” वकील कडाडला. कॅमेरामन फोन लावत बाहेर धावला. लाल दिवा चालूच राहिला. वकिलाला अडवत भाऊ म्हणाला, “ताई, तेच वाक्य पुन्हा म्हण.”