शेवटचा अंक

काचेपलीकडे सोमदत्त आजोबा धुळीच्या पाटीवर पायची, म्हणजे परीघ आणि व्यासाच्या गुणोत्तराची, किंमत काढत होते. वर्तुळात षट्कोन, मग बाराकोन. बाजू दुप्पट करत करत ते तीनशे चौऱ्याऐंशी बाजूंपर्यंत आले होते. दीड हजार वर्षांपूर्वी वारलेल्या या गणितीचं मन शाळेचं यंत्र प्रत्येक वर्गासाठी नव्याने जागं करी.

"ऋजुता, आज तुझी पाळी. सांग त्यांना," सबनीसबाई म्हणाल्या.

वर्ग खुदखुदला. मुलांना हाच भाग आवडे. पायचे अंक कधीच संपत नाहीत, असं एकाने सांगायचं. मग आजोबा पाटी पुसून डोळे मिटत आणि बाई यंत्र बंद करत. जागं मन काम करत असताना बंद करायला कायद्याने मनाई होती.

"परवा तर ढसाढसा रडले!" मागून कुणीतरी म्हणालं.

आजोबांनी वर पाहिलं. "बाळ, तुमच्या काळात सापडला का गं शेवटचा अंक?"

ऋजुताला खरं सांगवेना. "हो, आजोबा. तुम्ही अगदी जवळ आलाय."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "मग सांगू नका हं कुणी! मीच काढतो." त्यांनी बाहेरचा आवाज आत येऊ देणारी कळ बंद केली आणि काचेकडे पाठ फिरवली.

घंटा झाली. बाईंनी बटणावरचा हात काढून घेतला.

"थकले की थांबतील ना, बाई?"

"थकवा आपण त्यांच्यात घातलेलाच नाही, ऋजुता."

आत आजोबांनी हसत हसत पाटीवर नवी धूळ पसरली.