खिडकीपाशी जागा

पुण्यात नव्या नोकरीत महारुद्रला पहिलं काम मिळालं ते ट्रॅव्हल्स बुकिंगचं एपीआय, म्हणजे प्रोग्राममधून थेट तिकीट काढायची सोय, वापरायला शिकायचं. पहिल्याच पानावर सराव होता: एक्सएमएल या संगणकी मांडणीत विनंती लिहून पाठवा आणि उत्तर येतंय का बघा. खरं तिकीट काही निघणार नव्हतं. प्रवाशाच्या टॅगमधलं, म्हणजे रकान्यातलं, नमुन्याचं नाव खोडून त्यानं मायचं नाव लिहिलं, कस्तुराबाई. देवगाव फाटा ते पुणे, जागा खिडकीपाशी. मोबाइल नंबरचा रकाना रिकामा ठेवता येईना, म्हणून नंबरही तिचाच दिला. 'आरक्षण पक्कं' असं उत्तर आलं, तेव्हा तो उगाच बराच वेळ त्याकडं बघत बसला.

संध्याकाळी मायचा फोन आला. "महारुद्रा, मी फाट्यावर येऊन बसले. गाडी कवा येती रे?"

"कोणती गाडी, माय?"

"मेसेज आला न्हवं का, खिडकीपाशी जागा हाय म्हनून. तू पुण्याला गेल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदा बलावलंस, मग दुपारीच निघाले."

तिकीट खोटं होतं, मेसेज तेवढा खरा गेला होता.

"माय, मी नुसतं करून बघायलो होतो गं."

माय म्हणाली, "आता खरंच करून बघ की. मी बसते हितंच."