मध्यंतराआधी

“आई मध्यंतराआधी गेलीच पाहिजे, सर. त्याशिवाय उत्तरार्ध उभाच राहत नाही.” दिग्दर्शकाने हे पुन्हा ऐकवलं, तशी लेखक अच्युतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अहो, सिनेमा माझ्या आयुष्यावर काढताय ना? मग आई ती बघा, समोर बसून वाल सोलतेय! चांगल्या धडधाकट बाईला मारता कसले?”

“पण सर, लोक रडायला नकोत का?”

अच्युतरावांनी पटकथा टेबलावर आपटली. “आई, आता तूच सांग ह्यांना!”

म्हातारीने हातातली डाळिंबी वाटीत टाकली, ओली बोटं पदराला पुसली.

“मी काय सांगू? तुझ्या पहिल्या कादंबरीत तूच मारलंस की मला, तेही दुसऱ्याच प्रकरणात. तिला बक्षीस मिळालं, तेव्हा गल्लीभर पेढे मीच वाटले.”